चौदा टाक्यांची प्रार्थना

मी एक जुनी गोधडी आहे. मित्रांनो, खरं तर हे सांगायची गरज नाही. जवळ आलात तर वासावरूनच कळेल. माझ्या अंगाला कापराचा, जुन्या कागदांचा आणि थोडा डिंकाचा वास येतो. गोधडीला डिंकाचा वास कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण असं, की माझ्या आयुष्याची बरीच वर्षं पलंगावर गेलीच नाहीत. मी भिंतीवर टांगलेली गोधडी. तीही शोभेसाठी नव्हे. मी नोकरीला होते. रेडिओत.

हसू नका. सगळं सांगते.

माझ्या पोटात सहा खाकी पँटी आणि नऊ खाकी शर्ट आहेत. ते सगळे एकाच गृहस्थांचे. हे गृहस्थ सतरा वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. "पुढे सरका, आत जागा आहे!" असं दिवसातून शंभरदा ओरडायचे. एके सकाळी गच्च भरलेल्या बसच्या दारात हेच वाक्य ओरडता ओरडता त्यांच्या मनात आलं, की देवाच्या घराबद्दलही कुणीतरी लोकांना हे सांगायला हवं. माणसं बिचारी बाहेर पायरीवर लोंबकळताहेत, आणि आत सगळी जागा रिकामी! त्यांनी नोकरी सोडली, धर्मशिक्षण घेतलं आणि ते चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, झाले. तेव्हापासून सगळे त्यांना पाळकसाहेब म्हणतात.

गणवेश मात्र घरातच राहिले. पाळकसाहेबांच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी, ते धुऊन, उसवून, एकावर एक रचले. वरून प्रार्थनामंदिराचा एक जुना निळा पडदा, खालून फुलाफुलांचं टेबलक्लॉथ, आणि झाले मी तयार. एका शर्टाचा खिसा बाईंनी फेकला नाही. माझ्या डाव्या कोपऱ्यावर तो तसाच वरून लावला.

"अगं, गोधडीला खिसा कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "झोपेत तिकिटं फाडणार आहे का तो?"

बाई नुसत्या हसल्या आणि खिसा शिवत राहिल्या. समजावून सांगायला वेळ लागला असता. शिवायला कमी लागला.

बाई बोलताना अडखळतात. शाळेत मुली 'तोतरी' म्हणून चिडवायच्या, त्याचं त्यांना पुढे काही वाटेनासं झालं. वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्यांचा शब्द अडला, की समोरचा माणूस तो पूर्ण करून टाकायचा. मायेने, मदत म्हणून. आणि बहुतेक वेळा चुकीचा. सगळ्यांत मोठे मदतनीस खुद्द पाळकसाहेब. बाईंनी "सा... सा..." म्हणायचा अवकाश, हे पिशवी उचलून साबण आणायला पसार. बाईंना हवी असायची साखर. एकेकाळी आमच्या घरात अकरा साबण होते आणि चहा बिनसाखरेचा.

प्रार्थनासभेतही तीच गत. बाई उभ्या राहून प्रार्थना करू लागल्या, की मागच्या बाकावरून कुणीतरी पुढचा शब्द पुरवायचं. देवाला घाई नव्हती. बाकांवरच्या मंडळींना होती. शेवटी बाईंनी उभं राहणंच सोडलं. त्या बसल्या जागी, मनातल्या मनात प्रार्थना करू लागल्या. तिथे कुणी मदतीला येत नाही.

आता माझ्या नोकरीकडे वळते.

पाळकसाहेबांचा आवाज कमावलेला, शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. सुवार्तेचं प्रसारण करणाऱ्या एका मंडळाने तो ऐकला आणि विचारलं, दर गुरुवारी पंधरा मिनिटं रेडिओवर बोलाल का? साहेब बोलायला कधी नाही म्हणालेत? कार्यक्रमाचं नाव त्यांनीच ठेवलं: 'आत जागा आहे'. घराची मागची खोली रिकामी झाली. रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक गृहस्थ टेपचं यंत्र आणि मायक्रोफोन घेऊन आले. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. साहेबांनी बोलायचं, मिस्त्रींनी ते फितीवर उतरवायचं, फीत पत्र्याच्या डब्यात घालून पोस्टाने दूरच्या प्रक्षेपण केंद्रावर धाडायची, आणि दोन आठवड्यांनी संध्याकाळी सात वाजता स्वयंपाकघरातल्या रेडिओवर आपलाच आवाज ऐकायचा, अशी सगळी रीत.

पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी कानावरचा हेडफोन काढला आणि कपाळाला हात लावला. "साहेब, तुम्ही खोलीत बोलताय की विहिरीत? भिंती सगळं परत करताहेत. काहीतरी जाडजूड टांगा बघू."

बाईंनी पलंगावरून मला ओढलं. चार खिळे ठोकले. मी भिंतीवर चढले आणि खोलीतली विहीर बुजली. माझं काम एवढंच: सगळं ऐकून घ्यायचं आणि परत करायचं नाही. मित्रांनो, ऐकायला सोपं वाटतं. तुमच्या घरात किती जणांना जमतं, मोजून पाहा.

मला अभिमान होता, पण कामात एक अडचण लवकरच उभी राहिली. पाळकसाहेबांची इच्छा अशी, की दर कार्यक्रमात एक मिनिट कुणीच बोलू नये. "माझं ऐकलंत," ते म्हणायचे, "आता तुमचं जे काही आहे ते तुम्ही देवाला सांगा. मी गप्प बसतो." दिवसभरात साहेब गप्प बसायचे ते हे एकच मिनिट. पण प्रक्षेपण केंद्रावर एक शहाणं यंत्र होतं. वीस सेकंद आवाज आला नाही, की फीत तुटली असं समजून ते आपलं आपण एक धून लावायचं. पहिल्या गुरुवारी घरचे सगळे रेडिओभोवती बसले होते, आणि मी मागच्या भिंतीवरून कान देऊन होते. साहेब रेडिओतून म्हणाले, "चला, शांत होऊ या." आम्ही डोळे मिटले. आणि एकविसाव्या सेकंदाला ढिंगच्याक, ढिंगच्याक!

"हे काय?" साहेब ताडकन उठले.

"आमेन," मिस्त्री म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एका श्रोत्याचं पत्र आलं, की तुमची प्रार्थना फार उत्साही आहे, आमच्या मुलांनी ताल धरला.

मग उपाय सुरू झाले. त्या मिनिटात काहीतरी वाजायला हवं, पण ते शांततेसारखं वाजायला हवं. घड्याळ ठेवून पाहिलं. लोकांनी कळवलं, परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. साहेब म्हणाले, मी मायक्रोफोनजवळ नुसता श्वास घेतो. ते ऐकून मिस्त्री म्हणाले, "साहेब, लोहाराचा भाता बरा."

त्याच दिवशी माझा खालचा काठ उसवला होता. पुरुषांची चर्चा चाललेली पाहून बाई भिंतीशी खाली बसल्या आणि मला शिवू लागल्या. मी जाड. सुई सहजी जात नाही, बोटाच्या टोकावरच्या पितळी अंगुस्तानाने रेटावी लागते. टक. मग दोरा ओढायचा. सर्र. टक... सर्र. मिस्त्रींचं यंत्र चालूच राहिलं होतं, आणि त्याच्या काचेमागची आवाज मोजणारी बारीक सुई प्रत्येक टाक्याला हळूच मान वर करत होती. मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

तर अशी बाईंची आणि माझी जोडी रेडिओत लागली, आणि साहेबांनी श्रोत्यांना सांगून टाकलं, की हे आमच्या बाई शिवताहेत. एक सुई बाईंच्या हातात, एक यंत्रात, आणि मधे मी. मिस्त्री प्रार्थनेत डोळे कधी मिटत नाहीत, यंत्राची सुई बघावी लागते म्हणतात. मला वाटतं, तीच त्यांची प्रार्थना.

चौदा वर्षं हे चाललं. उसवलेलं संपलं, तेव्हा बाई न उसवलेलं शिवू लागल्या. माझ्यावर आता कापडापेक्षा दोरा जास्त आहे. माझ्याखालच्या टेबलावर पत्रांचे गठ्ठे यायचे आणि प्रत्येकाला बाई स्वतःच्या हाताने उत्तर लिहायच्या. कागदावर त्या कधी अडखळल्या नाहीत. कुणी लिहायचं, मी प्रभूला जीव वाहिला, आता पुढे काय करू? कुणी लिहायचं, तुमचं सगळं पटत नाही, पण आवाज बरा वाटतो, चालू ठेवा. पाकिटांना लावायच्या डिंकाचा वास मला तेव्हाच लागला.

ह्या पत्रांत एक नावाडीकाकांचं असायचं. नदीच्या ह्या काठावरून त्या काठावर माणसं नेण्यात त्यांची हयात गेली होती. म्हातारपणी डोळे गेले. पत्र सांगायचे ते, लिहायची त्यांची सून. त्यांनीच पहिल्यांदा मोजलं. "बाई एका मिनिटात चौदा टाके घालतात," त्यांनी कळवलं. "सर्दी झाली असेल तेव्हा बारा. मी एकेका टाक्याला एकेकासाठी प्रार्थना करतो. चौदावा टाका माझा स्वतःचा." बाईंनी ते पत्र तीनदा वाचलं. बाईंचा आवाज त्या माणसाने कधी ऐकला नव्हता, आणि तरीही बाई बोलताना कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलंय, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं असावं.

सुखाला दृष्ट लागते म्हणतात. माझ्या सुखाला फोम लागला.

मंडळाची दोन माणसं आली. चांगली होती, बूट काढून आत आली. त्यांनी राखाडी रंगाच्या, अंड्यांच्या ट्रेसारख्या खळग्याखळग्यांच्या फोमच्या लाद्या आणल्या, नवं यंत्र आणलं, आणि मौनाच्या मिनिटासाठी ऑर्गनच्या संथ सुरांची तयार फीतही. खोली साहेबी दिसू लागली. साहेब हरखले. मिस्त्री नव्या यंत्राची बटणं दाबताना लहान मूल झाले. मला खिळ्यांवरून काढायला बाईंनीच हात लावला. "काही हरकत नाही ना गं?" साहेबांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "न... न..."

"नवीन ते नवीनच!" साहेबांनी वाक्य पूर्ण केलं.

माझी रवानगी जिन्याखालच्या खोलीत झाली. तिथे काही दिवस मी जुन्या यंत्राला गुंडाळलेली होते. ते यंत्र मिस्त्रींनी दुकानात नेल्यावर मी फरशीवर आले. शिडीचे पाय घसरू नयेत म्हणून मिस्त्री मला शिडीखाली घालू लागले. एका उंदराने माझा उजवा कोपरा कुरतडला. मी म्हटलं, खा बाबा, निदान तुझ्या तरी पोराबाळांना ऊब होईल. मित्रांनो, रागावले नाही असं म्हणणार नाही. पण गोधडीचा राग बाहेर कुठे जातो? आतच मुरतो.

एक गोष्ट मात्र मला तिथेच कळली. पत्रांची खोकीही जिन्याखाली आली होती, त्यामुळे बाई पत्रं वाचायला तिथे येऊन बसायच्या. एकट्या असताना मोठ्याने वाचायच्या आणि एकदाही अडखळायच्या नाहीत. घडाघडा, ओढ्यासारख्या. हे फक्त मला आणि उंदराला ठाऊक होतं.

आठ महिन्यांनी नावाडीकाकांचं पत्र आलं. बाईंनी ते असं वाचलं:

"पाळकसाहेबांस नमस्कार. हल्ली तुमच्या मौनात बाजा वाजतो. बाजा चांगला आहे. पण बाईंचं काय झालं? सुनेला विचारलं तर म्हणते, छान आहेत, मजेत आहेत. माझा भाऊ वारला तेव्हाही तिने महिनाभर तो मजेत असल्याचीच पत्रं वाचून दाखवली होती. पोर मायाळू आहे, म्हणूनच तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. हे पत्रही तीच लिहिते आहे, तोंड फुगवून. तेव्हा पत्राने उत्तर पाठवू नका. जुनी फीत लावू नका, मला कळतं. धुक्यात समोरची होडी दिसत नाही, तेव्हा आम्ही हाक घालायचो. उलटी हाक आली की समजायचं, आहे. बाई असतील तर त्यांनी एक हाक द्यावी. नाही आली, तर मी समजेन काय समजायचं ते. प्रार्थनेला अजून बसतो. पण त्या मिनिटात आता मी एकटाच असतो."

खाली बारीक अक्षरात वेगळी ओळ होती. "सुनेकडून: बाई, भावाचं मी खोटं वाचलं, हे खरं आहे. आता खरं वाचते तर बाबांना पटत नाही. जेवण निम्म्यावर आलंय. काहीतरी करा."

बाईंनी पत्राची घडी घातली. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"एवढंच ना?" पाळकसाहेब म्हणाले. "मी सांगतो येत्या कार्यक्रमात. बाई ठणठणीत आहेत, काळजी नसावी!"

"तुम्ही सांगितलंत तर तुम्ही दुसरी सून," मिस्त्री म्हणाले. "त्यांना बाईंची हाक हवीय."

"म... म..." बाई म्हणाल्या.

"मंडळाला विचारू म्हणतेस?"

बाईंनी मान हलवली. "म... म..."

"महिनाभर थांबू?"

मग पेन्सिलीची खरखर ऐकू आली. थोड्या वेळाने साहेबांनी हळू आवाजात वाचलं, "'मी बोलते.'"

बाईंना सगळ्यांत अवघड जाणारा शब्द 'मी' आहे, मित्रांनो. बाकीच्या शब्दांना त्या वळसा घालून जातात, त्या शब्दाला वळसा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओतला दिवा बदलायचा होता, म्हणून शिडी आणि शिडीखाली मी, अशा दोघी तिथेच होतो. आठ महिन्यांनी मी माझी खोली पाहिली. भिंतीवर माझे चार खिळे फोममधून अजून डोकावत होते. बाई मायक्रोफोनसमोर बसल्या. हात मांडीवर घट्ट धरलेले.

"नावाडीकाका," त्या म्हणाल्या. हे सरळ आलं. मग, "म..."

आणि थांबलं. तोंड मिटलेलं, मानेची शीर ताठ. मिस्त्रींच्या हातात सेकंद मोजायचं घड्याळ. यंत्राची सुई खाली जाऊन आडवी पडली. दहा. पंधरा. वीस. कोपऱ्यात उभ्या असलेल्या पाळकसाहेबांचा चेहरा बाईंच्याइतकाच लाल झाला. सव्विसाव्या सेकंदाला त्यांच्याने राहवलं नाही.

"मजेत आहे!" ते ओरडले.

फीत वाया गेली. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की साहेब आपणहून बाहेर जाऊन उभे राहिले. दुसऱ्या खेपेला वाक्य पूर्ण झालं, पण मधे एकतीस सेकंदांचा खड्डा पडला.

"केंद्रावरचं यंत्र एवढं थांबायचं नाही, वहिनी," मिस्त्री हळूच म्हणाले. "तुमच्या 'मी'च्या आधीच ढिंगच्याक सुरू होईल. पण तुम्ही घाबरू नका. माझ्याकडे कात्री आहे, चिकटपट्टी आहे. अडलेलं सगळं कापतो आणि जोडतो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागणार नाही."

त्यांनी तसं केलं. फार सफाईने केलं. मग फीत वाजवली. "नावाडीकाका, मी आहे. तुम्ही आहात ना?" एका दमात, गुळगुळीत. बातम्या देणाऱ्या बाईंसारखं.

बाईंनी ऐकलं. "ही क... कोण?"

"तुम्हीच की."

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. कापलेल्या फितीचे तुकडे टेबलावर पडले होते. त्यांनी ते बोटांनी गोळा केले, तळहातावर धरून बघितले. मला वाटतं, त्यांना ते आपलेच वाटले. सगळी हयात लोक हेच तर करत आले होते: त्यांच्यातलं एवढं कापून टाकत आले होते.

तेवढ्यात त्यांची नजर खाली माझ्याकडे गेली. त्या वाकल्या आणि त्यांनी मला ओढलं.

"अहो वहिनी, शिडी! शिडी!" मिस्त्री शिडी धरायला धावले.

बाईंनी मला झटकलं. उंदराने खाल्लेला कोपरा पाहून त्या चुकचुकल्या. शिवणाची टोपली आणली. मला मांडीवर पसरलं, बोटात अंगुस्तान घातलं, मायक्रोफोन खाली वाकवून माझ्याजवळ आणला, दार उघडून साहेबांना आत घेतलं आणि मिस्त्रींना हाताने खूण केली. करा सुरू.

टक. सर्र.

"नावाडीकाका."

टक. सर्र. टक. सर्र.

"म..."

यंत्राची सुई खाली निघाली. टक. तिने मान वर केली. पुन्हा खाली निघाली. सर्र. पुन्हा वर. बाईंचा शब्द दाराशी येऊन उभा होता, आणि सुई आपल्या चालीने चालली होती. प्रत्येक टाका माझ्या अंगातून जात होता. आरपार. माझ्यातल्या सहा पँटी आणि नऊ शर्ट श्वास रोखून होते. खरे शर्टवाले तर दोन्ही हात तोंडावर दाबून उभे होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हूं नाही की चूं नाही. बस भरताना आणि रेडिओ भरताना ज्यांनी कधी उसंत घेतली नाही, ते साहेब त्या वेळी जागा करून देत होते. पुढे सरकून नव्हे. मागे सरकून.

टक. सर्र. टक. सर्र. टक.

"मी आहे," बाई म्हणाल्या. सर्र. "तुम्ही आहात ना?"

मिस्त्रींनी यंत्र बंद केलं.

"मंडळाला काय सांगायचं?" मिस्त्रींनी विचारलं. "ऑर्गनची फीत बिघडली म्हणू?"

"खोटं?" साहेब म्हणाले.

"मग खरं सांगा."

साहेबांनी खरं लिहिलं. चार पानं. मंडळाचं उत्तर एका ओळीचं आलं: 'धून लागत नसेल, तर आमची हरकत नाही.'

ती फीत लागायची होती त्या गुरुवारी सात वाजता मी स्वयंपाकघरात बाईंच्या मांडीवर होते. रेडिओतून साहेब म्हणाले, "चला, शांत होऊ या." आम्ही कुणीच डोळे मिटले नाहीत. टक, सर्र सुरू झालं. आमच्या बाईंचा अडलेला श्वास त्या छोट्याशा पेटीतून, कापल्याशिवाय, जोडल्याशिवाय, जसाच्या तसा बाहेर आला. धून लागली नाही. मिस्त्री म्हणाले, "आमेन," आणि ह्या वेळी त्यांनी ते गंमत म्हणून म्हटलं नव्हतं.

पुढे तीन आठवडे पोस्टमन आला की बाई दाराशी. दुसऱ्यांची पत्रं यायची, हवं ते येत नव्हतं. बाईंचंही जेवण कमी झालं. एका सकाळी मी दोरीवर उन्हात पडले होते, तेव्हा बाई पाकीट घेऊन अंगणात आल्या आणि माझ्या आडोशाला उभं राहून त्यांनी ते फोडलं.

"बाईंस नमस्कार. हाक पोचली. वाक्य संपेपर्यंत थांबलो होतो, मिनिट उलटलं तरी. आरंभापासून शेवटपर्यंत एकोणीस टाके झाले. सुनेने मधेच शब्द सांगायला तोंड उघडलं, तिला मी हाताने गप्प केलं. धुक्यातली हाक तुटकच येते, बाई. तुटक आली म्हणून कोणी नावाडी होडी वळवत नाही. मी आहे. आता चौदाऐवजी एकोणीस जणांची नावं काढावी लागतील, तेवढी माणसं माझ्या ओळखीची जिवंत उरलेली नाहीत. तुमच्या घरातली दोन-चार कळवा. भूक चांगली आहे. सून म्हणते, हे नक्की लिहा."

बाईंनी ते पत्र घडी करून माझ्या खिशात ठेवलं. सासूबाई असत्या तर त्यांना आता समजावून सांगावं लागलं नसतं, गोधडीला खिसा कशाला.

मित्रांनो, मी पुन्हा भिंतीवर गेले नाही. भिंत फोमचीच आहे, आणि खरं सांगते, तो काम चांगलं करतो. त्याच्याशी माझं भांडण नाही. मी दर आठवड्याला एक मिनिट बाईंच्या मांडीवर असते आणि उरलेला वेळ खुर्चीच्या पाठीवर. बाई आता त्या मिनिटाच्या शेवटी एक वाक्य बोलतात. कधी सात टाक्यांचं, कधी तेविसांचं, मग मिनिट लांबतं. श्रोते वाट बघतात, असं पत्रांवरून दिसतं.

जाता जाता तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात जिन्याखाली, माळ्यावर, शिडीच्या पायाखाली माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला एक दिवस ऊन दाखवा. उसवली असेल तर दोन टाके घाला. आणि घरात, वर्गात, बाकावर तुमच्या शेजारी कुणी बोलता बोलता अडलं, तर पुढचा शब्द त्याच्या तोंडात कोंबू नका. तो शब्द त्याचाच आहे. तो येतोय. तुम्ही फक्त माझ्यासारखे व्हा: ऐका, आणि थांबा.

हे मोठ्यांनाही जमतं, उशिरा का होईना. परवा दुपारी बाई मला शिवत बसल्या होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "सा... सा..."

पाळकसाहेबांनी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले. मग वळले आणि पिशवी छातीशी धरून उभे राहिले. नुसते उभे.

मी मोजत होते. सहा टाके.

"...साखर," बाई म्हणाल्या.

"किती आणू?" साहेबांनी विचारलं, आणि पुन्हा थांबले.